नऊ लाखांचा महोत्सव, हातात एक लाख वीस हजार: बाकीचा पैसा कुठून आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरजवळच्या केगावच्या विद्यापीठ आवारातल्या चार संकुलांच्या विद्यार्थी मंडळांना मिळून फेब्रुवारीत तीन दिवसांचा आंतरमहाविद्यालयीन महोत्सव घ्यायचाय. रोज दोन-अडीच हजार मुलं येतील असा अंदाज. खर्च ९ लाख. संस्थेकडून १ लाख २० हजार मिळतील असं तोंडी सांगण्यात आलंय. बाकीच्यासाठी प्रायोजक गाठायचे, पण पाच-सहा ठिकाणी ‘बघू, कळवतो’ एवढंच ऐकायला मिळालं. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी, मिळेल का? तिकीट लावावं का? एका ‘भाऊं’नी निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवलीय, ती घ्यावी का?

मी वाणिज्य शिकवतो आणि जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थी विकासाचं काम बरीच वर्षं बघतोय. स्नेहसंमेलन, युवा महोत्सव, एकांकिका स्पर्धा यांचे हिशेब लिहिलेत आणि लेखापरीक्षकांसमोर ते घेऊन बसलोय. त्यावरून सांगतो: तुम्हाला ९ लाख लागत नाहीत, आणि जे लागतात ते सगळे रोख लागत नाहीत. सोलापूरचा व्यापारी रोख द्यायला हात आखडतो, पण वस्तू मागितली की मोकळ्या मनानं देतो. तुमचं अंदाजपत्रक रुपयांत लिहिलंय. ते आधी वस्तूंत लिहून काढा.

तुम्ही पाठवलेल्या कागदावरचे आकडे असे: गायक कलाकाराची रात्र साडेतीन लाख, मंडप-स्टेज-लाइट-साउंड २ लाख २० हजार, जेवण १ लाख ४० हजार, टी-शर्ट, बक्षिसं आणि स्मृतिचिन्हं ९० हजार, छपाई व फ्लेक्स ४० हजार, परीक्षकांचं मानधन-प्रवास ३५ हजार, किरकोळ २५ हजार. बेरीज बरोबर आहे. पण जनरेटरचं डिझेल नाही, सफाई नाही, फिरती स्वच्छतागृहं नाहीत, सुरक्षारक्षक नाहीत, रुग्णवाहिका नाही. अडीच हजार मुलं दिवसभर आवारात असताना हे ‘किरकोळ’मध्ये बसत नाही. त्याला ५० हजार वेगळे धरा.

आता त्या कलाकाराच्या रात्रीबद्दल. ती कापा. राग येईल, पण कापा. मुंबईच्या आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवाला देशभरातले ब्रँड पैसे देतात, कारण देशभरातली मुलं तिथं येतात. तुमच्याकडे येणार ती सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोल्याची. त्यांना काही विकायचंय असा दुकानदार सोलापुरातच आहे, आणि त्याला त्या गायकाशी काही देणंघेणं नाही. शिवाय साडेतीन लाख हे फक्त मानधन. त्यावर वाद्यवृंदाचा प्रवास, हॉटेल, त्यांच्या यादीतलाच साउंड आणि वाढीव बंदोबस्त. वंदे भारत मुंबईहून दुपारी निघून रात्री उशिरा इथं पोचते आणि सकाळी लवकर परत निघते, म्हणजे मुक्काम चुकत नाहीच.

पैशापेक्षा मोठी गोष्ट गर्दी. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात असाच विद्यार्थी महोत्सव होता. संगीताच्या कार्यक्रमाआधी सभागृहाच्या दाराशी चेंगराचेंगरी झाली आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर ‘स्टार नाइट’चा अर्ज टेबलावर आला की प्रशासनाचा पहिला प्रश्न खर्चाचा नसतो. नाव व्हायला गायक लागतो असंही नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय, तो मुलांच्या एकांकिकांवर. तिथं करंडक मिळाला की पोरं आयुष्यभर सांगतात. तुमच्या शेवटच्या रात्री तुमच्याच जिल्ह्यातली सहा बँड-पथकं एकमेकांसमोर उभी करा, मैदान भरेल.

साडेतीन लाख गेले, ५० हजार आले. राहिले सहा लाख. आता यातलं कोण काय देतं ते बघू.

सगळ्यात आधी घरातला पैसा. याकडे विद्यार्थी मंडळं बघतच नाहीत, थेट बाजारात पळतात. तुमच्या माहितीपत्रकातला शुल्काचा तक्ता उघडा. शिक्षण शुल्काखाली बारीक बारीक रकमा असतात: जिमखाना, विद्यार्थी कल्याण, युवा महोत्सव, सांस्कृतिक उपक्रम, स्नेहसंमेलन, नियतकालिक. संस्थेप्रमाणे नावं बदलतात. प्रत्येक रकमेला चारही संकुलांच्या विद्यार्थिसंख्येनं गुणा. हा पैसा तुमच्याकडून ज्या कामासाठी घेतलाय ते काम तुम्ही करताय, तेव्हा मागताना ओशाळायचं कारण नाही. मात्र ‘आमचे पैसे द्या’ असा सूर लावलात की फाइल तिथंच बसते. किती जमा झाले, किती खर्च झाले, शिल्लक कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे हिशेबातल्या कोणत्या खात्यात आहे, हे वित्त विभागात जाऊन नम्रपणे विचारा. तुमचे संकुल संचालक किंवा विद्यार्थी विकासचे संचालक सोबत असले तर उत्तम.

इथं एक गोष्ट पक्की समजून घ्या. विद्यापीठाचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार वार्षिक अंदाजपत्रक वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद अशा पायऱ्या चढत अधिसभेपुढं येतं. त्या अंदाजपत्रकात तुमच्या कार्यक्रमाचं शीर्षच नसेल तर साहेबांच्या मनात असूनही त्यांना पैसे देता येत नाहीत. मग उरतो पुनर्विनियोजनाचा रस्ता, म्हणजे एका शीर्षातली शिल्लक मान्यता घेऊन दुसऱ्या शीर्षाकडे वळवणं. ते होतं, पण वेळ लागतो. म्हणून तुम्हाला ‘मिळतील’ म्हणून सांगितलेले १ लाख २० हजार नेमके कोणत्या शीर्षातून, हे आजच लेखी विचारा. तोंडी मंजुरी ही मंजुरी नसते. टिपणी वर जाऊन सही होऊन खाली आली, तिला जावक क्रमांक पडला, की ते पैसे तुमचे.

आणि मंजूर झाले तरी ते हातात कधी येतात? बहुतेक वेळा कार्यक्रम झाल्यावर, बिलांच्या बदल्यात. मंडपवाला मात्र साहित्य उतरवायच्या आधी निम्मे मागतो. ही मधली पोकळी भरायला ‘अग्रिम’ असतं: एखाद्या शिक्षकाच्या नावावर ठरावीक रक्कम आगाऊ उचलायची आणि नंतर बिलं लावून समायोजन करायचं. त्या शिक्षकाच्या नावावर आधीचं अग्रिम थकीत असेल तर नवं मिळत नाही. समन्वयक कोण करायचा हे ठरवताना हौस बघा, वक्तृत्व बघा, पण लेखा विभागात त्या सरांच्या किंवा मॅडमच्या नावापुढं काही थकलंय का तेही बघा. हसू नका, यावर कार्यक्रम अडकलेले बघितलेत.

खरेदीचं थोडक्यात: तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मग काम, मग बिल. तारखा याच क्रमानं पडल्या पाहिजेत. मर्यादेखाली बसावं म्हणून एकाच मंडपवाल्याचं एक काम तीन बिलांत तोडलं तर लेखापरीक्षणात ‘खरेदीचे तुकडे पाडले’ असा आक्षेप निघतो आणि त्याचं उत्तर तुम्ही पास होऊन गेल्यावर तुमच्या सरांना द्यावं लागतं. फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाची बिलं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आत गेलीच पाहिजेत. ३१ मार्चनंतर न वापरलेली तरतूद संपते.

आता वस्तू. सोलापूर म्हणजे चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. गणवेशाचा मोठा धंदाही इथं आहे. तरी आपल्या व्यासपीठावर पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात आणि स्मृतिचिन्ह म्हणून बाहेरून मागवलेली फायबरची ढाल! शंभरेक पाहुणे-परीक्षक-विजेत्यांचा सत्कार टॉवेलवर करा. एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखानदाराकडे जा आणि रोख न मागता शंभर नग मागा.

हे बोलणं प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. मालक आधी विचारतो, ‘नाव कुठं येणार?’ मुलं उत्साहात सांगतात, ‘किनारीत महोत्सवाचं नाव विणून द्या.’ तिथं सौदा फिसकटतो. विणून नाव आणायचं तर जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला, नवं डिझाइन चढवावं लागतं, त्यासाठी चालू माग थांबवायचा, आणि शंभर नगांसाठी ते कुणालाच परवडत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘मालक, तुमच्या गोडाऊनला एक्स्पोर्टच्या ऑर्डरमधले उरलेले एकाच रंगाचे शंभर नग असतील तर द्या. कोपऱ्यात भरतकाम आम्ही करून घेतो.’ अशा ऑर्डरमध्ये थोडं जास्तीचं उत्पादन काढलेलंच असतं आणि उरलेला माल पडून राहतो. संगणकावरच्या भरतकामाचं काम गावात सहज होतं. शिवाय कारखानदाराच्या हिशेबात तो माल उत्पादन खर्चाला पडतो आणि तुमच्या हिशेबात बाजारभावानं वाचतो, म्हणून ‘वस्तू’ दोघांनाही स्वस्त. टी-शर्टचंही तसंच. गणवेशवाल्यांकडे जूनच्या आधीचे काही महिने हंगाम असतो, त्यांच्याकडे डिसेंबरातच जा. फेब्रुवारीत गेलात तर शिलाईला माणूस मिळत नाही.

पूर्व भागात जाताना तुमच्यातला तेलुगू बोलणारा एखादा सोबत न्या. अक्कलकोट रोडला कन्नड येणारा. कामाचं बोलणं मराठीत होतंच, पण ‘कुणाचा रे तू?’ ही चौकशी घरच्या भाषेत झाली की पुढचं सोपं जातं. आणि दुकानात पैसे मागायला भवानी व्हायच्या आधी जाऊ नका. साडेअकरा-बारानंतर जा. सकाळी दार उघडल्या उघडल्या हात पसरणारा कुणालाच आवडत नाही.

छपाईवाल्याकडून पत्रकं, पाण्याच्या जारवाल्याकडून जार, चष्म्याच्या दुकानाकडून बक्षिसांची कूपनं, पुस्तकांच्या दुकानाकडून पुस्तकं. हे सगळं मिळून टी-शर्ट-बक्षिसांतले ७० हजार, छपाईतले २५ हजार आणि जेवण-पाण्यातले १५ हजार सुटतात. एक लाख दहा. प्रत्येक वस्तूची आवक नोंदवहीत अंदाजे किमतीसह लिहा आणि देणाऱ्याला संस्थेच्या लेटरहेडवर पोच द्या. फुकट मिळालेल्या वस्तूलाही हिशेब असतो.

सहा लाखांतून एक लाख दहा गेले, संस्थेचे एक वीस गेले. राहिले ३ लाख ७० हजार. बाहेरून बाराशे स्पर्धक येतील असं तुम्हीच लिहिलंय. शंभर रुपये नोंदणी शुल्क ठेवा, त्यात चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. ते झाले १ लाख २० हजार. खाण्याचे वीस स्टॉल तीन दिवसांसाठी तीन-तीन हजारांना द्या, ६० हजार. कडक भाकरी-शेंगाचटणी आणि डोसा-इडलीचे गाडे आधी सांगून ठेवा. तेच सगळ्यात जास्त चालतात आणि तेच शेवटी आठवतात. उरले १ लाख ९० हजार. तुम्हाला रोख प्रायोजकांकडून एवढंच आणायचंय. नऊ लाख म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येत होता ना?

ही रक्कम तीन तुकड्यांत मागा. एक मुख्य प्रायोजक ७५ हजार, दोन सहप्रायोजक पस्तीस-पस्तीस, आणि ४५ हजार स्मरणिकेच्या जाहिरातींतून. मुख्य प्रायोजकासाठी माझं पहिलं बोट बँकेकडे. ज्या बँकेत संस्थेचे पगार होतात, शुल्क जमा होतं, ठेवी आहेत, तिच्या शाखा व्यवस्थापकाला तुम्ही अनोळखी नाही. त्याला नवीन खाती हवी असतात आणि तुमच्याकडे अडीच हजार अठरा-वीस वर्षांची मुलं आहेत. पण हे पत्र विद्यार्थ्यांच्या सहीनं न जाता कुलसचिवांच्या किंवा संचालकांच्या सहीनं जायला हवं. शाखेच्या हातात फार रक्कम नसते, पत्र विभागीय कार्यालयाकडे जातं. त्याला महिना-दीड महिना धरा.

सहप्रायोजकांत दुचाकीची शोरूम आणि स्पर्धा परीक्षांचे क्लास. क्लासवाले हमखास देतात, पण मोबदल्यात नोंदणी केलेल्या मुलांची नावं आणि मोबाइल नंबर मागतात. ते द्यायचे नाहीत. मुलांनी नंबर स्पर्धेसाठी दिलाय, क्लासच्या फोनसाठी नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोख नेमका अशाच वापरावर आहे. त्यांना दाराजवळ टेबल द्या. ज्याला नंबर द्यायचा तो स्वतः देईल.

प्रायोजकाला देताना ‘तुमचा लोगो सगळीकडे’ असं मोघम लिहू नका. स्टेजच्या मागच्या पडद्यावर किती फूट, प्रवेशद्वाराच्या कमानीवर कुठं, स्टॉल किती बाय किती, निवेदक दिवसातून किती वेळा नाव घेणार, हे लिहा. आणि एका धंद्याचा एकच. दोन शोरूमकडून पैसे घेऊन दोघांना एका कमानीवर टांगलंत तर पुढच्या वर्षी दोन्ही दारं बंद.

तारीख हाही पैशाचाच प्रश्न आहे. तुम्ही १८ ते २० फेब्रुवारी धरलीय. १९ ला शिवजयंती. त्या आठवड्यात सोलापुरात चांगला साउंड मिळणं अवघड, दर चढे आणि सगळे दुकानदार वर्गणी देऊन थकलेले. जानेवारीच्या मध्याला सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा, तेव्हाही तसंच. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा असते. विद्यापीठाच्या आवाराला तिचा त्रास नसला तरी येणाऱ्या महाविद्यालयांत केंद्रं असतात आणि शिक्षक पर्यवेक्षणाला अडकतात. पंचांग उघडा आणि लग्नाची तिथी नसलेले तीन सलग दिवस शोधा, शक्यतो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात किंवा जानेवारीच्या शेवटी. तिथी नसलेल्या दिवशी तोच मंडप, त्याच खुर्च्या, तोच आचारी बऱ्याच कमी दरात येतो, कारण नाहीतर त्याचं साहित्य गोडाऊनला पडून असतं. जनरेटर मंडपवाल्याच्याच दरात घालून घ्या, मात्र डिझेल तासाच्या हिशेबानं वेगळं लिहून घ्या.

सीएसआरचं स्पष्ट सांगतो: या महोत्सवाला नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो, हे बरोबर. पण तो खर्च त्या कायद्याच्या अनुसूची सातमध्ये दिलेल्या कामांवर. स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं प्रायोजकत्व नियमांनीच वगळलंय, आणि एकदाच होणारे सोहळे, बक्षीस समारंभ यांना तो धरता येत नाही असं केंद्रानं २०१४ च्या परिपत्रकातच म्हटलं होतं. फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पाकडे किंवा चिंचोलीच्या मोठ्या कंपनीकडे गेलात तर सीएसआर विभागात न जाता जनसंपर्क किंवा मनुष्यबळ विभागात जा. तिथला पैसा वेगळ्या खिशातला असतो. आणि जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत म्हणून त्यांच्याकडे सीएसआर मागायला धावू नका. सहकारी कारखाना कंपनी कायद्याखाली येतच नाही. त्याला त्याच्या उपविधींत आणि सहकार कायद्यात बसेल तेवढंच देता येतं, शिवाय तुमच्या तारखांना गळीत हंगाम ऐन भरात असतो.

जीएसटीबाबत तुमच्या लेखा विभागाला एकच गोष्ट आधी विचारा: प्रायोजकत्वावर बिल कसं काढायचं? पैसे घेणारी संस्था ‘बॉडी कॉर्पोरेट’ (निगम) असेल तर कंपन्यांनी दिलेल्या प्रायोजकत्वाचा कर १६ जानेवारी २०२५ पासून घेणाऱ्यानं आकारून भरायचा आहे. त्याआधी तो देणाऱ्यावर होता. नोंदणी असलेल्या संस्थेला १८ टक्के लावावे लागतात. म्हणून पत्रात ‘७५ हजार अधिक लागू असलेला कर’ असं लिहा, नाहीतर ७५ मधूनच कर जातो. कुणी धंद्याची जाहिरात न करता निव्वळ देणगी दिली आणि तुम्ही आभारादाखल फक्त नाव लावलंत, तर ते दान. त्यावर हा कर नाही, असं २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

आता पैसा जमा कुठं होणार? कुठल्याही परिस्थितीत खजिनदाराच्या फोनपेवर नाही. मुलं सर्रास करतात: पोस्टरवर आपला क्यूआर, खाली आपला नंबर. बाराशे जणांचे शंभर-शंभर एका विद्यार्थ्याच्या खात्यात आले की उद्या त्यानं पै पै प्रामाणिकपणे खर्च केली तरी ते सिद्ध कसं करणार? क्यूआर संस्थेच्या खात्याचाच हवा. रोख घ्यावीच लागली तर अनुक्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, कार्बनची दुसरी प्रत, आणि त्याच दिवशी बँकेत भरणा. जमलेल्या रोखीतूनच परस्पर चहावाल्याला देणं बंद. मानधनाच्या पावत्यांवर परीक्षकांची सही कार्यक्रमाच्या दिवशीच घ्या आणि रक्कम ५ हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. दहा-बारा स्टॅम्प पाकिटात ठेवा. रात्री नऊला ते कुठं मिळत नाही. मंडपवाल्याच्या बिलातून उगमस्थानी कर (टीडीएस) कापायचा का, ते लेखा विभाग ठरवेल, पण मंडपवाल्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘पैसे कमी का आले’ म्हणून तो तुमच्या मागं लागतो.

डबा घेऊन नवी पेठेत वर्गणी मागत फिरायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. गणेश मंडळांनाही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. तुम्ही तर विद्यापीठाच्या नावावर फिरणार.

तिकीट लावू नका, निदान या वर्षी. तिकीट आलं की बाहेरचा प्रेक्षक आला, बंदोबस्त आला, आणि ‘पैसे दिलेत’ म्हणणारा माणूस दारात आला. कॉपीराइट कायद्यानं शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी गाणी-नाटकं सादर करायला सवलत दिलीय. ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असावे लागतात. तिकीट विकून बाहेरच्यांना आत घेतलं की ती चौकट मोडते आणि परवान्याचा खर्च मागं लागतो. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हे तर तुम्हाला माहीत आहेच. कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू करा, नवाला बक्षीस समारंभ, पावणेदहाला साउंडवाल्याला हात दाखवा.

भाऊंचा प्रस्ताव. निम्मा खर्च एकाच माणसाकडून कधीच घेऊ नये, मग तो कुणीही असो. पैसे देणाऱ्याचा फोटो आधी कमानीवर येतो, मग निमंत्रणपत्रिकेवर, मग व्यासपीठावर त्याच्याबरोबर आलेली पंचवीस माणसं. मधेच निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली की तोच फ्लेक्स उतरवायची जबाबदारी तुमच्या संचालकांवर. पण तोंडावर ‘नको’ म्हणायचीही गरज नाही. त्यांना सांगा, ‘भाऊ, तुमच्या वडिलांच्या किंवा आजींच्या स्मरणार्थ फिरता करंडक द्या, आणि रोख बक्षिसासाठी विद्यापीठाकडे ठेव ठेवा.’ एक लाखाची ठेव साडेसहा टक्क्यांनी धरली तर वर्षाला साडेसहा हजार व्याज येतं. एका स्पर्धेचं पहिलं बक्षीस कायमचं सुटलं. यात फोटो नाही, घोषणा नाही, आणि नाव दरवर्षी घेतलं जातं. ज्यांना खरंच द्यायचंय ते याला तयार होतात, बाकीचे पुन्हा फोन करत नाहीत.

हाच मार्ग माजी विद्यार्थ्यांसाठी. पुण्या-हैदराबादला गेलेल्या तुमच्या संकुलाच्या पोरांना ‘महोत्सवाला मदत करा’ म्हटलं तर पाचशे रुपये येतात. ‘तुमच्या बॅचच्या नावानं वक्तृत्वाचं बक्षीस’ म्हटलं तर बॅचचा ग्रुप जागा होतो.

कार्यक्रम संपल्यावर दहा दिवसांत प्रत्येक प्रायोजकाला एक पाकीट द्यायचंय: त्याच्या नावाची कमान दिसेल असे दोन फोटो, स्मरणिका, किती महाविद्यालयं आणि किती स्पर्धक आले त्याचे आकडे, आणि एका पानावर जमाखर्च. टॉवेलवाल्यालाही द्या, जारवाल्यालाही. टपालानं पाठवू नका, दोघं जाऊन हातात द्या, शक्य असेल तर पुढच्या वर्षीच्या सचिवाला सोबत नेऊन.

आणि डिसेंबर उजाडायच्या आत दोन कागद वित्त विभागाकडे पोचवा: या वर्षीच्या १ लाख २० हजारांच्या मंजुरीचा, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ‘आंतरसंकुल महोत्सव’ असं स्वतंत्र शीर्ष उघडून अडीच लाखांची तरतूद करावी अशा मागणीचा. दुसऱ्या कागदासोबत विद्यार्थिसंख्या, जमा झालेलं शुल्क आणि वर मांडला तसा हिशेब जोडा. जावक क्रमांकाची नोंद आपल्याकडेही ठेवा, कारण तोवर तुमच्यातले दोघं तरी पास होऊन गेलेले असतील.